मिनिटेल : एका सरकारी यंत्राची कारकीर्द

काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षण संस्थेत नव्या अधिकाऱ्यांसमोर ई-प्रशासनावर बोलण्याचा प्रसंग आला. व्याख्यान संपल्यावर एका तरुण अधिकाऱ्याने प्रश्न विचारला, "सर, सरकारने स्वतः एखादे तंत्रज्ञान घरोघर पोचवले आणि लोकांनी ते आपखुशीने वापरले, असे इंटरनेटच्या आधी कुठे घडले आहे का?" मी म्हणालो, "घडले आहे. फ्रान्समध्ये. त्याचे नाव मिनिटेल." वर्गात हे नाव कोणीही ऐकलेले नव्हते. त्या दिवशी वेळेअभावी जे सांगता आले नाही, ते येथे सविस्तर लिहीत आहे. ही कथा वरवर एका यंत्राची वाटते. माझ्या मते ती तीन-चार प्रशासकीय निर्णयांची कथा आहे, आणि म्हणूनच आपल्या कामाची आहे.

प्रथम यंत्राविषयी. मिनिटेल म्हणजे लहानसा पडदा, दुमडून बंद करता येणारा कळफलक आणि आत बसवलेला मोडेम, अशी एक पेटी. ती टेलिफोनच्या तारेला जोडायची, ठरावीक क्रमांक फिरवायचा आणि पलीकडून शिट्टीसारखा आवाज आला की 'जोडणी' ही कळ दाबायची. पडद्यावर २५ ओळी आणि प्रत्येक ओळीत ४० अक्षरे मावत. माहिती सेकंदाला १२०० बिट या वेगाने येई आणि घरातून केंद्राकडे अवघ्या ७५ बिट वेगाने जाई. यंत्राला स्वतःची अशी बुद्धी नव्हती. त्यात काही साठवता येत नसे की आज्ञावली चालवता येत नसे. सारे काम दूरच्या संगणकावर होई आणि पडद्यावर केवळ त्याचे उत्तर उमटे. या पद्धतीला व्हिडिओटेक्स म्हणत. पाठवा, पुढे, मागे, अनुक्रम, मदत अशा अर्थाच्या मोजक्या कळा होत्या. संगणक कधी न पाहिलेल्या आजीबाईंनाही दहा मिनिटांत तो वापरता यावा, ही त्यामागची कल्पना.

आता पार्श्वभूमी. आज खरे वाटणार नाही, पण १९७०च्या सुमारास फ्रान्सची टेलिफोन व्यवस्था हा थट्टेचा विषय होता. जोडणीसाठी अर्ज करून दीर्घकाळ वाट पाहावी लागे. फेर्नां रेनो या विनोदी कलावंताचा १९५०च्या दशकातील एक प्रवेश फार गाजला होता. त्यात पॅरिसमधील एका गृहस्थाला शेजारच्याच आनिएर उपनगरात फोन लागत नाही. शेवटी तो न्यूयॉर्कमार्गे आनिएर मागतो, तेव्हा कुठे लागतो! आपल्यापैकी ज्यांनी ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास वाट पाहिली आहे, त्यांना या विनोदाचे मर्म वेगळे सांगायला नको.

१९७४ साली जेरार तेरी हे दूरसंचार महासंचालनालयाचे प्रमुख झाले. त्यांच्या काळात या खात्याने अक्षरशः कात टाकली. सुमारे ७० लाख असलेल्या जोडण्या १९८०च्या दशकाच्या आरंभापर्यंत दोन कोटींच्या घरात गेल्या. मात्र एक प्रश्न सुटला की दुसरा उभा राहतो, हा प्रशासनाचा नियमच आहे. जोडण्या वाढल्या तशा टेलिफोन डिरेक्टऱ्या जाडजूड होत चालल्या. छपाईचा आणि कागदाचा खर्च वाढला, आणि एवढे करून डिरेक्टरी हाती पडेपर्यंत तिच्यातील कित्येक नोंदी शिळ्या झालेल्या असत. क्रमांक विचारणाऱ्यांना उत्तरे देण्यासाठी लागणारा कर्मचारीवर्ग वाढवावा तरी किती, हा प्रश्न तर होताच.

याच सुमारास, डिसेंबर १९७६ मध्ये, राष्ट्राध्यक्ष व्हालेरी जिस्कार देस्तँ यांनी सिमाँ नोरा या वित्त निरीक्षकांकडे एक काम सोपवले: संगणकामुळे समाजात काय बदल होतील, याचा अभ्यास. अलाँ मँक हे तरुण वित्त निरीक्षक त्यांचे सहलेखक होते. १९७८ साली हा अहवाल प्रसिद्ध झाला. सरकारी अहवाल बहुधा कपाटात विसावतात. हा मात्र पुस्तकाच्या दुकानांत हातोहात खपला. दूरसंचार आणि संगणक यांच्या संगमाला त्यांनी 'तेलेमातिक' असा शब्द दिला. माहितीचे जाळे परक्या महाकाय कंपनीच्या, विशेषतः आयबीएमच्या, हाती गेले तर राष्ट्राच्या सार्वभौमत्वाचा प्रश्न उभा राहील, असा इशाराही दिला. दोन सनदी अधिकाऱ्यांनी लिहिलेल्या टिपणाने एका देशाच्या तंत्रज्ञानविषयक धोरणाला दिशा द्यावी, हे मला आजही विशेष वाटते.

येथे तेरी यांच्या खात्याने पहिला महत्त्वाचा निर्णय घेतला. 'माहिती समाज' घडवण्याची भाषा त्यांनी भाषणांपुरती ठेवली. प्रत्यक्ष योजना मांडली ती अत्यंत साध्या कारणासाठी: छापील डिरेक्टरीऐवजी घरात एक छोटे यंत्र. जे पैसे कागदावर आणि चौकशी कक्षावर जातात, त्यांतून यंत्राचा खर्च निघेल, असा हिशेब. यंत्र ग्राहकाला विनामूल्य द्यायचे आणि त्याची मालकी खात्याकडे ठेवायची. १९८० साली ब्रिटनी प्रांतातील सँ-मालो या बंदराच्या गावी पन्नासएक ग्राहकांवर त्याची चाचणी झाली. पुढे १९८१ मध्ये पॅरिसजवळ व्हेलिझी परिसरात सुमारे अडीच हजार कुटुंबांत व्यापक प्रयोग झाला. तेथे घरचा दूरचित्रवाणी संचच पडदा म्हणून वापरला होता.

या निर्णयाचे मोल कळण्यासाठी शेजारच्या देशांकडे पाहावे लागेल. व्हिडिओटेक्सची मूळ कल्पना ब्रिटनची. तेथील पोस्ट ऑफिसच्या संशोधन केंद्रातील अभियंता सॅम फेडिडा यांनी ती विकसित केली आणि १९७९ मध्ये 'प्रेस्टेल' ही जगातील पहिली सार्वजनिक सेवा सुरू झाली. पण ग्राहकाने आपल्या खर्चाने महागडा खास संच किंवा जोडयंत्र घ्यावे, अशी अट होती. संच महाग म्हणून ग्राहक कमी, ग्राहक कमी म्हणून सेवा कमी, आणि सेवा कमी म्हणून संच घ्यायला कोणी तयार नाही, असे ते चक्र. प्रेस्टेलला ग्राहकांचा एक लाखाचा आकडाही कधी गाठता आला नाही.

ऑस्ट्रियाने तिसरीच वाट धरली. ग्राझच्या तांत्रिक विद्यापीठात हेरमान माउरर यांच्या गटाने १९८०च्या दशकाच्या आरंभी 'मुपिड' नावाचे यंत्र तयार केले. ते व्हिडिओटेक्सचे टर्मिनल होते आणि त्याच वेळी झेड-८० प्रोसेसरवर चालणारा घरगुती संगणकही होते. केंद्रातून टेलिफोनच्या तारेने आज्ञावली उतरवून घ्यायची आणि ती घरच्या यंत्रात चालवायची, ही गोष्ट मुपिड त्या काळात करत होते. तंत्रज्ञान म्हणून मुपिड मिनिटेलच्या कितीतरी पुढे होते. प्रसार मात्र मिनिटेलचाच झाला. उत्तम यंत्र आणि उत्तम योजना या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे निविदा समितीत बसणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

दुसरा निर्णय लोकांच्या विरोधातून आला. छापील डिरेक्टरी टप्प्याटप्प्याने बंद करून यंत्र सर्वांना सक्तीने द्यावे, असा खात्याचा मूळ बेत होता. त्यावर मोठे वादळ उठले. वृत्तपत्रांना आपल्या छोट्या जाहिराती जातील ही भीती होती, आणि 'उएस्त-फ्रान्स' या दैनिकाचे प्रमुख फ्रान्स्वा-रेजिस उतँ यांनी या योजनेवर कडाडून टीका केली. सरकारच्या हाती जाणारी माहिती, म्हाताऱ्या माणसांची अडचण, हेही मुद्दे निघाले. १९८१ मध्ये सत्तांतर झाले आणि नव्या सरकारने योजना चालू ठेवली, पण सक्ती काढून टाकली. ज्याला हवे त्याने यंत्र घ्यावे, ज्याला नको त्याने कागदी डिरेक्टरी ठेवावी.

हा भाग वाचताना मला माझाच एक आदेश आठवतो. १९९०च्या दशकाच्या अखेरीस मी मध्य भारतातील एका जिल्ह्यात होतो. जमिनीच्या नोंदींचे संगणकीकरण नुकतेच पूर्ण झाले होते आणि त्याचा मला कोण अभिमान! अमुक तारखेपासून हस्तलिखित उतारे देणे बंद, असा आदेश मी काढला. पहिल्याच आठवड्यात एका तहसिलीतील छपाई यंत्र बिघडले, त्यातच विजेचा खोळंबा. आणि पीक कर्जाचे अर्ज देण्याची मुदत तोंडावर आलेली. एक वृद्ध शेतकरी तीन दिवस अठरा मैलांवरून हेलपाटे घालून अखेर माझ्याकडे आले. त्यांनी तक्रार अशी केलीच नाही. त्यांच्या बोलीत ते एवढेच म्हणाले की, नवे दार उघडलेत हे चांगले झाले, पण जुने दार बंद करण्याची घाई कशासाठी केलीत? माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्याच संध्याकाळी मी आदेश मागे घेतला आणि पुढे बरेच महिने दोन्ही पद्धती चालू ठेवल्या. हळूहळू लोक आपणहून छापील उताऱ्याकडे वळले. पण ज्यांची मुदत त्या आठवड्यात हुकली, त्यांचे मी काही करू शकलो नाही. फ्रान्सच्या खात्याला त्याच्या टीकाकारांनी माझ्यासारख्या चुकीतून वाचवले, असे मला वाटते.

आता तिसरा आणि सर्वांत कल्पक निर्णय. १९८४ साली खात्याने 'कियोस्क' नावाची पद्धत सुरू केली. नाव रस्त्याकडेच्या वर्तमानपत्रांच्या टपरीवरून घेतलेले. टपरीवर आपण कोणतेही वर्तमानपत्र रोख पैसे देऊन घेतो. नाव-गाव सांगावे लागत नाही. तसेच येथे. ३६१५ हा क्रमांक फिरवायचा, सेवेचे नाव टंकायचे आणि वापराच्या वेळेनुसार होणारी आकारणी टेलिफोनच्या बिलातच येई. कोणती सेवा पाहिली हे बिलावर छापलेले नसे. खाते आपला हिस्सा कापून घेई आणि मोठा वाटा सेवा देणाऱ्याला पोचवी. आकारणी साधारणतः तासाला ६० फ्रँक, म्हणजे मिनिटाला सुमारे एक फ्रँक होती. डिरेक्टरीची पहिली तीन मिनिटे मात्र फुकट.

यातील गंमत पाहा. सेवा देणाऱ्याला ग्राहकांची नोंदणी, देयके, वसुली यांतले काहीच करावे लागेना. छोट्या उद्योजकालाही देशभर दुकान मांडता येऊ लागले. रेल्वेचे आरक्षण, बँकेतील शिल्लक, टपालाने माल मागवणे, परीक्षांचे निकाल, विद्यापीठ प्रवेशाची नोंदणी, हवामान, असे सर्व काही त्या छोट्या पडद्यावर आले. १९९०च्या दशकाच्या मध्यास सुमारे ६५ लाख यंत्रे घराघरांत आणि कचेऱ्यांत होती, आणि सेवांची संख्या २५ हजारांच्या आसपास होती.

अर्थात प्रशासनाने नियम केला की लोक त्यातून वाट काढतात. वृत्तपत्रांची समजूत घालण्यासाठी सुरुवातीला ३६१५ वरील सेवा उघडण्याचा अधिकार केवळ नोंदणीकृत नियतकालिकांना दिला होता. परिणाम असा की, सेवा उघडण्याची पात्रता मिळावी एवढ्याचसाठी काहींनी नावापुरती नियतकालिके काढली! आपल्याकडील कागदोपत्री सहकारी संस्था ज्यांनी तपासल्या आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही.

लोकांनी यंत्राचा खरा उपयोगही स्वतःच शोधून काढला. स्त्रासबूर येथील एका दैनिकाची 'ग्रेतेल' नावाची सेवा होती. अडलेल्या वापरकर्त्याला चालकाने संदेश पाठवून मदत करावी, अशी तीत सोय होती. थोड्याच दिवसांत वापरकर्ते त्या वाटेने एकमेकांशीच गप्पा मारू लागले. दैनिकाने ते बंद न करता त्याचीच सेवा केली. येथून 'मेसाजरी', म्हणजे पडद्यावरील गप्पांची प्रथा देशभर पसरली. डिरेक्टरीसाठी आणलेल्या यंत्रावर लोक रात्र-रात्र अनोळखी माणसांशी टोपणनावाने बोलू लागले. त्यातील शृंगारिक सेवांना 'गुलाबी मिनिटेल' असे नाव पडले, त्यांच्या जाहिराती भिंतींवर झळकू लागल्या, आणि या व्यवहारातून सरकारी खात्यालाही हिस्सा मिळतो म्हणून सरकारवर टीकेची झोड उठली. जून १९८५ मध्ये वाहतुकीचा ताण असह्य होऊन 'ट्रान्सपाक' हे माहिती वाहून नेणारे राष्ट्रीय जाळेच कोलमडले. त्या जाळ्यावर विसंबलेल्या बँका आणि कंपन्याही अडकल्या.

येथपर्यंतची कथा यशाची आहे. उत्तरार्ध अधिक शिकवणारा आहे.

१९७०च्या दशकात फ्रान्समध्येच लुई पूझँ या अभियंत्याने 'सिक्लाद' नावाचे संगणकांचे जाळे उभारले होते. त्यात माहितीची पाकिटे स्वतंत्रपणे प्रवास करीत आणि शहाणपण जाळ्याच्या मध्यभागी नसून टोकांच्या संगणकांत असे. ज्या कल्पनांवर पुढे इंटरनेट उभे राहिले, त्यांत पूझँ यांचा वाटा सर्वमान्य आहे. पण दूरसंचार खात्याला नियंत्रण मध्यवर्ती असलेले, मोजणी आणि आकारणी करता येण्याजोगे जाळे हवे होते. खात्याने एक्स.२५ या मानकावरील ट्रान्सपाक उभारले, ते १९७८ मध्ये सुरू झाले, आणि सिक्लादचा निधी आटला. ज्या झाडाला पुढे जगभर फळे आली, त्याचे एक रोप फ्रान्सच्या अंगणात होते, आणि ते पाण्यावाचून सुकले.

१९९४ साली माहितीच्या महामार्गांविषयी अहवाल लिहिण्याचे काम पुन्हा जेरार तेरी यांच्याकडेच आले. इंटरनेटची रचना व्यापारी सेवांना अनुकूल नाही, असे त्या अहवालाचे मत होते. तेरी काही अडाणी नव्हते. देशाला टेलिफोन देणारा तो माणूस. पण ज्याने एक यशस्वी व्यवस्था उभी केली, त्याला दुसरी व्यवस्था पहिलीच्याच मापाने मोजावीशी वाटते. ऑगस्ट १९९७ मध्ये पंतप्रधान लिओनेल जोस्पँ यांनी उर्तँ येथील भाषणात उघडपणे सांगितले की मिनिटेल आता देशाच्या प्रगतीला अडसर ठरण्याची भीती आहे. तरीही ते बंद व्हायला आणखी पंधरा वर्षे गेली. उत्पन्न देणारी योजना कोण बंद करणार? अखेर ३० जून २०१२ रोजी सेवा थांबली. तोपर्यंत ती वापरणाऱ्यांत बरीच वयस्क मंडळी होती, आणि ब्रिटनीतील काही पशुपालक शेतकरीही होते. ते जनावरांच्या नोंदी त्याच तपकिरी पेटीवरून पाठवीत.

भारताचा या कथेशी संबंध दूरचा, पण खरा आहे. ब्रिटनीतील लानियों परिसरात १९७० साली फ्रान्सने डिजिटल पद्धतीचे ई-१० हे टेलिफोन एक्स्चेंज सुरू केले होते. त्याच घराण्यातील ई-१०बी एक्स्चेंजचे तंत्रज्ञान आपण १९८०च्या दशकात सीआयटी-अल्काटेल या कंपनीकडून घेतले आणि उत्तर प्रदेशातील गोंडा जिल्ह्यात मनकापूर येथे आयटीआयचा कारखाना उभारला. १९८४ मध्ये सी-डॉटची स्थापना होऊन ग्रामीण भागासाठी स्वदेशी एक्स्चेंज तयार करण्याचे काम सुरू झाले. घरोघर फुकट यंत्र देण्याची ऐपत आपल्याला नव्हती. आपण काढलेला तोडगा म्हणजे पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-पीसीओ बूथ: यंत्र एक, वापरणारे शंभर, आणि चालवणाऱ्याला कमिशन. कियोस्कचे अर्थशास्त्रच ते, फक्त घराऐवजी कोपऱ्यावर आणलेले. जानेवारी २००० मध्ये मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात सुरू झालेल्या 'ज्ञानदूत'च्या सूचनालयांतही हाच विचार होता.

तर मग त्या तरुण अधिकाऱ्याच्या प्रश्नाला माझे पूर्ण उत्तर काय? सरकार तंत्रज्ञान घरोघर पोचवू शकते. त्यासाठी योजनेचा पहिला उपयोग साधा आणि रोजचा असावा. सुरुवातीचा भार नागरिकावर टाकू नये. जुने दार लोकांनी आपणहून सोडेपर्यंत उघडे ठेवावे. इतरांना सेवा देऊन चार पैसे मिळवता येतील अशी जागा ठेवावी. फ्रान्सने हे सारे केले, आणि त्याचे फळ त्याला दीर्घकाळ मिळाले.

राहिली ती एकच गोष्ट. कोणतीही सेवा सुरू कशी होईल, हे आपण शंभर पानी टिपणात लिहितो. ती केव्हा आणि कोणाच्या सांगण्यावरून तपासली जाईल, आणि गरज संपल्यावर कशी थांबवली जाईल, याला त्या टिपणात एक परिच्छेदही नसतो. अधिकाऱ्याला निवृत्तीचे वय असते. त्याच्या निर्णयाला नसते. मी पदावर असताना ज्या योजनांच्या नस्तींवर सह्या केल्या, त्यांपैकी किती आज केवळ सवयीने चालू असतील, हा प्रश्न मी स्वतःला अधूनमधून विचारतो. आपणही आपल्या टेबलावरील पुढची नस्ती उघडताना तो जरूर विचारावा, एवढेच सुचवून थांबतो.